शिकारीचा बेत आणि हाक्याची माणसे

शिकारीचा इतिहास बहुधा बंदूकवाल्यांनीच लिहिला आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील इंग्रजी ग्रंथ १८७१ साली निघाला. वनखात्यातील अधिकारी डनबार ब्रँडर यांचा तेथील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ १९२३ साली. हे ग्रंथ वाचताना रान डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मजूर चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला एक प्रश्न पडतोच : यातील कष्टाचे काम केले कोणी?

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याचा बराच भाग काळ्या मातीचा व कापसाचा. पण उत्तरेकडे आर्वी, कारंजा, हिंगणी या बाजूस सातपुड्याचे फाटे उतरले आहेत. खडकाळ टेकड्या, सागाचे रान आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले, असा हा मुलूख.

शिकारीचा बेत या उन्हाळ्यावरच रचला जाई. पानगळीने रान उघडे पडते, पाणी मोजक्या डोहांत उरते; आणि जिथे पाणी, तिथे जनावर. साहेब वनखात्याकडून जंगलाचा एक ‘ब्लॉक’ मुदतीने आपल्या नावे राखून घेई. मुक्काम पडला की संध्याकाळी ठिकठिकाणी रेडकू बांधायचे, सकाळी गावच्या माणसाने जाऊन पाहायचे. वाघाने ते मारले असेल, तर तो जवळच पाण्याच्या आसऱ्याने सावलीत पडलेला असणार, हा अंदाज. मग भर दुपारी हाका. बंदूकवाला मचाणावर, दोन्ही अंगांच्या झाडांवर एकेक माणूस, वाघ आडवाटेला वळू लागताच खोडावर हलकेच काठी वाजवण्यासाठी, आणि मागून आरोळ्या ठोकीत, ढोल-डबे बडवीत पायी येणारी माणसांची रांग. जखमी वाघ त्या रांगेत शिरला, तर हाकेवाल्याच्या हाती काठी नाहीतर कुऱ्हाड!

आता दिवसाचे मोल पाहा. मोहाची फुले पहाटे गळतात व चैत्रापर्यंत वेचावी लागतात. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. गोंड कुटुंबाच्या कमाईचे हे दिवस, आणि शिकारीचेही हेच! हाक्याची मजुरी आण्यांत मोजली जाई. बुडालेल्या कमाईला हिशेबात जागा नव्हती. माणसे जमविण्यास मालगुजाराचा किंवा वनखात्याच्या शिपायाचा शब्द पुरे होई. बोलावणाराच जमिनीचा वा जंगलाचा धनी, तिथे नकार कसा द्यावा? उलट, त्याच माणसाने राखीव जंगलात पोटासाठी विनापरवाना चितळ मारले, तर १८७८ च्या वनकायद्यान्वये तो गुन्हेगार. एकाच रानात एकाची ती मौज, दुसऱ्याचा तो गुन्हा.

ही घडी पायरीपायरीने मोडली. १९५० साली संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. १९५१ साली मालगुजारी गेली. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. बोरचे रान १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले.

वाघ मारण्याचा बेत गेला, वाघ राखण्याचा आला. पण वणव्याची जाळरेषा काढणे, पाणवठे भरणे, पायी गस्त घालणे, ही कामे आजही हातांनीच होतात. जुन्या ग्रंथांत हाकेवाल्यांपैकी बहुतेकांची नावे आली नाहीत. आजच्या हजेरीपटावर तरी प्रत्येक नाव यावे, आणि नावापुढे पुरा दाम.