पॉवर प्रेस आणि कामगारांचे हात

मोटारीचे दार, दुचाकीचे चेनकव्हर, विजेच्या स्विचची पेटी किंवा धुलाईयंत्राचा पत्रा या साऱ्या वस्तू बाजारात येण्यापूर्वी कुठल्या ना कुठल्या पॉवर प्रेसखालून गेलेल्या असतात. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाहनउद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांचा कणाच हे यंत्र आहे. मात्र कामगारांची बोटे तुटण्याच्या अपघातांत ज्या यंत्राचे नाव वारंवार पुढे येते, तेही हेच. 'सेफ इन इंडिया' या संस्थेने २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'क्रश्ड' या अहवालमालेने वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतील या जखमांकडे लक्ष वेधले आहे. हे अपघात नशिबाचा भाग समजले जातात. प्रत्यक्षात त्यांची कारणे ठाऊक आहेत आणि बहुतेक कारणांवर उपायही उपलब्ध आहेत.

यंत्राची रचना

यांत्रिक पॉवर प्रेसमध्ये मोटारीच्या साहाय्याने एक जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, सतत फिरत असते. कामगाराने पायटा दाबला की क्लच जोडला जातो आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेली शक्ती क्रँकमार्फत रॅमला मिळते. रॅम खाली येतो आणि वरच्या व खालच्या साच्यांमध्ये ठेवलेला पत्रा कापला, वाकविला किंवा घडविला जातो.

प्रेसचे दोन प्रकार पडतात ते क्लचवरून. जुन्या प्रेसमध्ये 'की क्लच' असतो. एकदा तो जोडला गेला की रॅमची पूर्ण फेरी होईपर्यंत यंत्र थांबत नाही. मध्येच हात आत गेला तरी थांबविण्याची सोय नसते. नव्या प्रेसमध्ये घर्षणावर चालणारा, बहुधा हवेच्या दाबाचा क्लच असतो. तो फेरीच्या कोणत्याही टप्प्यावर सोडविता येतो आणि ब्रेक लावून रॅम थांबविता येतो. सुरक्षेच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

अपघात का होतात?

पहिले कारण म्हणजे हाताने जॉब ठेवणे व काढणे. पाळीत हजारो वेळा तीच हालचाल करताना हात आणि पाय यांची लय जुळलेली असते. ती एकदा चुकली, हात बाहेर येण्यापूर्वी पायटा दाबला गेला, की क्षणार्धात इजा होते. दुसरे कारण 'डबल स्ट्रोक'. की क्लचमधील चावी किंवा स्प्रिंग झिजली, तर पायटा न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. अशा वेळी कामगाराची कोणतीही चूक नसते. उघडा पायटा हे तिसरे कारण. त्यावर जॉब पडला किंवा चुकून पाय लागला तरी यंत्र चालू होते. म्हणून पायट्यावर मजबूत आवरण असणे आवश्यक आहे.

यांत सर्वांत गंभीर बाब म्हणजे असलेले संरक्षण निकामी करणे. उत्पादन वाढावे म्हणून सेन्सर बंद ठेवला जातो किंवा दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले जाते. नगावर मजुरी, लांबलेली पाळी आणि प्रशिक्षणाविना प्रेसवर बसविलेला हेल्पर यांची त्यात भर पडली की धोका अनेक पटींनी वाढतो.

संरक्षणाचा क्रम

सुरक्षाशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. प्रथम धोकाच काढून टाकावा. ते शक्य नसेल तर यंत्रावर अडसर बसवावा. त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण. आणि शेवटी हातमोज्यांसारखी वैयक्तिक साधने. टनावारी दाबाने येणाऱ्या रॅमखाली हातमोजा बोट वाचवू शकत नाही. पत्र्याच्या धारेपासून मात्र तो रक्षण करतो. त्याचे काम तेवढेच.

हात साच्यात घालावाच लागू नये, हा सर्वोत्तम उपाय. त्यासाठी पत्र्याची पट्टी आपोआप सरकविणारा फीडर, जॉब बाहेर फेकणारी हवेची फुंकर, सरकता ट्रे, चिमटे किंवा चुंबकी उचलणी वापरता येते. साच्याभोवती बंदिस्त जाळी बसविणे, तसेच साच्यातील उघडीप ६ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवणे, म्हणजे बोट आत जाऊच शकत नाही, हे उपायही स्वस्त व खात्रीचे आहेत.

दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे हा पुढचा पर्याय. एका प्रेसवर दोघे काम करीत असतील, तर दोघांसाठी स्वतंत्र जोड्या हव्यात.

प्रकाशपडदा, म्हणजे किरण तुटताच यंत्र थांबविणारा सेन्सर, उपयुक्त आहे; परंतु तो मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेसवरच. की क्लचच्या प्रेसवर तो लावणे म्हणजे सुरक्षेचा आभास निर्माण करणे होय. शिवाय तो साच्यापासून किती दूर असावा, याचेही गणित आहे. अमेरिकेच्या नियमांत हाताचा वेग सेकंदाला ६३ इंच, म्हणजे सुमारे १.६ मीटर, धरला जातो. प्रेस थांबण्यास ०.२ सेकंद लागत असतील, तर पडदा किमान ३२ सेंटिमीटर दूर हवा. ब्रेक झिजला की थांबण्याचा वेळ वाढतो आणि तेच अंतर अपुरे पडते. त्यामुळे ब्रेक व सेन्सरची तपासणी प्रत्येक पाळीच्या प्रारंभी व्हावयास हवी.

साचा बदलताना

साचा बसविणारा कारागीर संपूर्ण हात रॅमखाली घालतो. अशा वेळी मोटार बंद करणे पुरेसे नाही, कारण फ्लायव्हील त्यानंतरही काही काळ फिरत राहते. ते पूर्ण थांबू द्यावे, मुख्य स्विचला कुलूप लावून किल्ली कारागिराने स्वतःजवळ ठेवावी आणि रॅमखाली आधाराचा ठोकळा द्यावा. मगच हात आत घालावा.

कायदा काय सांगतो?

जायबंदी कामगाराचा प्रश्न मुंबईत १९ व्या शतकातच उपस्थित झाला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये केलेल्या मागण्यांत साप्ताहिक सुटीबरोबरच, इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे ही मागणीही होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण बंधनकारक केले. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र वीज वापरणाऱ्या 'कारखान्या'ची किमान कामगारसंख्या मूळ कायद्यातील १० ऐवजी २० आहे. लहान प्रेसशॉपच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, तर तर्जनी गमावल्यास १४ टक्के घटते, असे धरले होते. राज्य कामगार विमा योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो. कामावरील इजेसाठी हे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. म्हणून नोंदणी झाली आहे की नाही, हे कामगाराने रुजू होतानाच पाहावे; ठेकेदाराकडील कामगाराने तर आवर्जून.

अपघात झाल्यास

यंत्र बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट सलाइनने किंचित ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. जखमीला काही खाण्यापिण्यास न देता, सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. धारेने कापलेले बोट जोडले जाण्याची शक्यता अधिक असते. प्रेसखाली चिरडलेले बोट मात्र अनेकदा जोडता येत नाही. त्यामुळे उपचारापेक्षा प्रतिबंधाचे मोल येथे अधिक आहे.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. त्यानिमित्त दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांतून सुरक्षेच्या शपथा घेतल्या जातात आणि फलक लावले जातात. त्याच दिवशी प्रत्येक प्रेसचा क्लच कोणत्या प्रकारचा आहे, पायट्यावर आवरण आहे का आणि सेन्सर चालू आहे का, एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरांची नोंद केली, तर कारखान्यातील धोक्याचा नकाशा व्यवस्थापनाच्या हाती येईल.