मठाचा वाडा झाला तेव्हा : रेगेन्सबुर्गचं सांक्ट एमेराम

आजचा विषय 'मठ आणि राजवाडा' असा जाहीर झालाय. त्यावरून कुणाला वाटलं असेल की युरोपातल्या सगळ्या मठांचा आढावा ऐकायला मिळणार. तर तसं नाही. आम्ही एकाच वास्तूबद्दल बोलणार आहोत. जर्मनीत, बव्हेरियात, डॅन्यूब नदीच्या काठी रेगेन्सबुर्ग नावाचं जुनं शहर आहे. तिथं सांक्ट एमेराम हा बेनेडिक्टाईन पंथाचा मठ हजारेक वर्षं नांदला आणि १८१२ साली एका सरदार घराण्याचा वाडा झाला. काही वर्षांपूर्वी आम्ही तिथं जाऊन आलो. आमच्या या 'आम्ही'ला घरी हसतात, पण या वेळी आम्ही म्हणजे खरोखरच आम्ही दोघं, उभयता.

पहिली गंमत दारातच कळते. मठाचं चर्च आता गावातल्या भाविकांचं चर्च आहे; आत जायला पैसे पडत नाहीत. पण त्या चर्चला चिकटून जी ओवरी आहे, म्हणजे मधल्या चौकाभोवतीचा तो कमानींचा फिरता मार्ग, जिथं भिक्षू जपत, वाचत, चालत, ती वाड्याच्या मालकीत गेली. ती पाहायची तर वाड्याचं तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर जायचं. भिंत एक. अलीकडे देव, पलीकडे तिकीट. सौभाग्यवती म्हणाल्या, "वाटणी झालेल्या घरासारखं दिसतंय." बरोबर होतं. मार्गदर्शकाच्या पुढच्या दीड तासात आम्हाला यापेक्षा नेमकं काही ऐकायला मिळालं नाही.

पण आम्हाला तुम्हाला आधी चर्चच्या जोडदारापाशी न्यायचंय. अकराव्या शतकाच्या मध्याचं काम आहे. दारालगत दगडात कोरलेल्या तीन मूर्ती : मध्ये येशू, एका बाजूला एमेराम, दुसऱ्या बाजूला डायोनिशियस. जर्मनीतल्या दगडी शिल्पांपैकी फार जुनी म्हणून कलेचे अभ्यासक त्यांच्याकडे बघतात. येशूच्या पायाशी त्या वेळचे मठाधिपती रेगिनवार्ड यांची छोटी प्रतिमा आहे. बांधणाऱ्यानं स्वतःची आठवण ठेवायची हे आपल्याकडेही चालतंच. आता, एमेराम तिथं का, हे सरळ आहे. तो सातव्या शतकातला धर्मोपदेशक. सरदाराच्या मुलीला दिवस गेले, तिला वाचवायला यानं आळ स्वतःवर घेतला आणि हाल होऊन मेला, अशी त्याची कथा. त्याच्या थडग्याभोवती मठ वाढला. पण डायोनिशियस? तो तर ग्रीक, अथेन्सचा. तो डॅन्यूबच्या काठी काय करतोय?

इथं तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान टवकारतात. हा डायोनिशियस म्हणजे एक नाही, तीन माणसं आहेत. पहिला, बायबलच्या नव्या करारात एका ओळीपुरता येणारा अथेन्सचा गृहस्थ. संत पॉलचं भाषण ऐकून श्रद्धावान झालेला. दुसरा, पॅरिसचा हुतात्मा बिशप, ज्याच्या नावानं तिथं सेंट-डेनिसचा मठ आहे. आणि तिसरा, इसवी सन ५००च्या सुमाराचा एक अनामिक लेखक. यानं पहिल्याचं नाव घेऊन ग्रंथ लिहिले. ईश्वर अमुक आहे असं म्हणता येत नाही, अमुक नाही असंच म्हणत जावं लागतं, हा त्याचा मार्ग. आपल्याला 'नेति नेति' आठवतं; आम्ही वर्गात हा लेखक शिकवायचो तो त्याच धाग्यावरून. नवव्या शतकात सेंट-डेनिसच्या मठाधिपतीनं, हिल्डुइन त्याचं नाव, या तिघांची एकच व्यक्ती करून टाकली. बाराव्या शतकात आबेलारनं त्याच मठात राहून त्यावर शंका काढली, तर त्याला तिथून पळावं लागलं. ते ग्रंथ प्रोक्लस या पाचव्या शतकातल्या तत्त्वज्ञावर बेतलेले आहेत, हे पक्कं सिद्ध व्हायला १८९५ साल उजाडलं.

तर अकराव्या शतकाच्या मध्याला रेगेन्सबुर्गच्या भिक्षूंनी जाहीर केलं, की डायोनिशियसच्या अस्थी पॅरिसला नाहीत, आमच्याकडे आहेत. सम्राट आर्नुल्फनं त्या नवव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सहून आणवल्या. गंमत अशी, की आर्नुल्फ खरोखर या मठाचा आश्रयदाता होता, ८९९ साली वारल्यावर इथंच पुरला गेला, आणि त्याच्याकडून मठाला एक अप्रतिम ग्रंथ मिळाला होता : सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली शुभवर्तमानं, ८७० साली फ्रान्सच्या चार्ल्स राजासाठी तयार झालेली. म्हणजे पुस्तक खरं, राजा खरा, फ्रान्स खरा. अस्थींची गोष्ट मात्र रचलेली. खोट्याला उभं राहायला असेच खरे खांब लागतात. पॅरिसकरांना ते इतकं झोंबलं, की १०५३ साली त्यांनी आपली पेटी उघडून अस्थी जागेवर असल्याची खात्री करून घेतली.

हे सगळं कशासाठी? नुसत्या मोठेपणासाठी नाही. भांडण मालकीचं होतं. सुरुवातीला रेगेन्सबुर्गचा बिशप हाच मठाचाही प्रमुख असे. ९७५ साली बिशप वोल्फगांगनं स्वतःहून हे दोन अधिकार वेगळे केले, रामवोल्ड नावाच्या भिक्षूला मठाधिपती नेमलं. वोल्फगांग भला माणूस. त्याला पुढं संत ठरवलं, १०५२ साली पोपच्या हस्ते, इथंच. पण त्याच्यानंतरच्या बिशपांना मठाच्या जमिनी सोडवेनात. मठाला म्हणायचं होतं, आम्ही बिशपच्या हाताखालचे नाही, थेट सम्राटाचे आणि पोपचे. त्यासाठी कागद हवे होते. नव्हते. मग ते तयार झाले. शार्लमेन सम्राटाच्या नावाची सनदसुद्धा तयार झाली. आणि या बनावट सनदांच्या संदर्भात अभ्यासक ज्या भिक्षूचं नाव घेतात, तो आहे ओटलोह.

मंडळी, या ओटलोहसाठीच आम्ही खरं तर तिथं गेलो होतो. सुमारे १०१० साली जन्मलेला. हस्ताक्षर इतकं सुरेख, की आयुष्यभर पोथ्या नकलून काढल्या, कुणाकुणाला किती दिल्या त्याची यादीही ठेवली. डोळे त्यातच बिघडले. त्यानं एका भिक्षूला पडलेल्या मोहांवर एक छोटा ग्रंथ लिहिलाय, आणि तो भिक्षू तो स्वतःच. मोह कसले? बायकापैशांचे नाहीत. त्याला शंका आली, की हे धर्मग्रंथ खरे आहेत का, आणि ईश्वर मुळात आहे का. अकराव्या शतकात, मठाच्या आत बसून, एक माणूस हे कागदावर उतरवतो. आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो, संशय म्हटलं की देकार्तपासून सुरुवात करू नका, सहाशे वर्षं मागं जा. देकार्तचा संशय हा पद्धत म्हणून केलेला आहे. ओटलोहला तो रात्रीचा येत होता.

आणि हाच माणूस, अभ्यासकांचं बरोबर असेल तर, खोट्या सनदा लिहीत होता. मनातल्या शंकेबद्दल इतका प्रामाणिक आणि मठाच्या हक्काबद्दल इतका बेधडक. हे कसं जमतं? आम्ही पूर्वी उत्तर द्यायचो, की त्या काळी सनद म्हणजे आजच्यासारखा पुरावा नव्हे. जे मुळात खरंच आहे पण ज्याचा कागद हरवला, त्याचा कागद करणं म्हणजे खोटेपणा नाही असं त्यांना वाटे. उत्तर चुकीचं नाही. पण ते देताना आम्हाला थोडं फार सोयीचं वाटायचं, त्याचं कारण सांगतो.

आमच्या नोकरीच्या काळात तत्त्वज्ञान विभाग बंद पडायच्या बेतात होता. विद्यार्थी कमी. ठराविक संख्या नसेल तर विषय बंद, असा हुकूम. कॉलेजचं नाव घेत नाही. दोष त्यांचा नाही, आमचाच आहे. दोन वर्षं आम्ही हजेरीपटावर सात नावं चालवली. मुलं खरी होती, प्रवेश खरा होता, फक्त ती वर्गात कधी आली नाहीत, आणि आम्ही रोज 'हजर' लिहीत गेलो. त्याच तासाला समोर बसलेल्या चार मुलांना आम्ही कांट शिकवत होतो. खोटं बोलणं कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही, हा भाग. विभाग तीन वर्षं टिकला, मग बंद झालाच. त्या दारातल्या डायोनिशियसपुढे उभं राहिल्यावर आम्हाला तो पट आठवला. सौंना ही गोष्ट माहीत नव्हती. तिथंच सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, "चार तर होती ना."

असो. मठाला हवं ते मिळालं, जरा उशिरा. १२९५ साली राजानं त्याला थेट साम्राज्याच्या छत्राखाली घेतलं. १७३१ साली मठाधिपतीला राजपुत्राचा दर्जा मिळाला, आणि त्याच सुमाराला आसाम बंधूंनी चर्चचा आतला भाग असा काही सजवला, की जुन्या साध्या भिंती प्लास्टर, सोनं आणि चित्रांखाली दिसेनाशा झाल्या. आम्हाला ती सजावट जरा जास्त झाली. सौंना आवडली.

मग १८०३. फ्रान्सनं ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीराचा मुलूख घेतला होता, तिथल्या जर्मन राजांना भरपाई द्यायची होती. ती चर्चच्या मालमत्तेतून द्यायचं ठरलं. हा ठराव झाला २५ फेब्रुवारी १८०३ रोजी, आणि कुठं? रेगेन्सबुर्गमध्येच! साम्राज्याची सभा १६६३ पासून तिथल्या जुन्या नगरभवनात कायमची भरत होती. मठापासून चालत दहा-बारा मिनिटं. आम्ही चालून पाहिलं. ठरावानं रेगेन्सबुर्ग आणि तिथले मठ डालबेर्ग या धर्मगुरू-राजाला दिले. थेट साम्राज्याचे झाले म्हणून यादीत नावानिशी सापडले, बिशपच्या सावलीत राहिले असते तर वाचले असते, असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. साध्या मांडलिक मठांनाही बव्हेरियानं सोडलं नाही.

आता वाड्याचे धनी. टूर्न उंड टाक्सिस. मूळचे इटलीतले, बेर्गामोजवळचे. साम्राज्याचं टपाल यांच्या हातात. १६१५ साली ते पद वंशपरंपरागत झालं, आपल्या भाषेत वतन. अठराव्या शतकात सम्राटाचे प्रतिनिधी म्हणून ते सभेच्या गावी, रेगेन्सबुर्गला राहायला आले. (टॅक्सी हा शब्द यांच्यावरून आला असं कुणी सांगेल, तो 'टॅक्सीमीटर'वरून आला, यांचा संबंध नाही.) त्याच १८०३च्या ठरावात डाव्या तीरावरच्या टपालाच्या बदल्यात त्यांना नेरेसहाइमचा बेनेडिक्टाईन मठ वगैरे मिळालं. १८०६ साली साम्राज्यच बुडालं. १८१० साली रेगेन्सबुर्ग बव्हेरियाकडे आलं. बव्हेरियानं आपल्या हद्दीतलं टपाल सरकारी केलं आणि भरपाईत १८१२ साली सांक्ट एमेरामच्या इमारती देऊन टाकल्या. म्हणजे हिशेब असा : पत्रं वाहण्याचा हक्क गेला, त्याची किंमत एक मठ. उरलेलं टपाल १८६७ साली प्रशियानं तीस लाख थालर मोजून घेतलं.

घराण्यानं वास्तू राखली हे मान्य केलं पाहिजे. मालक नसलेल्या मठांचे दगड लोकांनी वाहून नेले, तसं इथं झालं नाही. ओवरीच्या चौकात त्यांनी १८३०-४०च्या दशकात आपलं दफनमंदिर बांधलं. १८८०च्या दशकात दक्षिणेची मोठी नवी बाजू उभी राहिली. नाचघरातली जुनी सजावट त्यांच्या फ्रँकफर्टच्या वाड्यातून उतरवून आणलेली. म्हणजे तिथंही दुसऱ्या घराचं घर झालेलं. सिंहासनाची खोली दाखवताना सगळे फोटो काढायला आसुसलेले असतात. सौंनी मात्र मार्गदर्शक बाईंना विचारलं, "मग ते भिक्षू गेले कुठं?" बाई म्हणाल्या, त्यांना निवृत्तिवेतन मिळालं. सगळे हसले. उत्तर बरोबरच होतं, ठरावात तशी तरतूद होती. नेरेसहाइमला १९१९ साली भिक्षू परत आले. इथं आले नाहीत.

ग्रंथही गेले. म्युनिकला. सोन्याच्या अक्षरांचा तो ग्रंथ आज तिथल्या राज्य ग्रंथालयात आहे. ह्रोट्सविटची हस्तलिखित पोथीही तिथंच आहे. दहाव्या शतकात लॅटिनमध्ये नाटकं लिहिणारी ही मठवासी बाई. विसरली गेली होती. १४९०च्या दशकात कोनराड केल्टिस या विद्वानाला तिची पोथी एमेरामच्या कपाटात सापडली आणि १५०१ साली त्यानं ती छापली. पोथी कुणीतरी पाचशे वर्षं नुसती ठेवली होती. वाचली असेल नसेल, ठेवली होती.

शेवटचे मठाधिपती स्टाइगलेनर पदार्थविज्ञानाचे जाणकार होते. त्यांचे शिष्य प्लासिडुस हाइनरिश, तेही इथलेच भिक्षू, काही पदार्थ अंधारात का चमकतात याचा अभ्यास करत, आणि मठात रोज हवामानाच्या नोंदी ठेवत : पारा किती, वायुभार किती, वारा कुठला. १८०३ आलं, १८१० आलं, मठ गेला, वाडा झाला. हाइनरिशनी उपकरणं आवरली नाहीत. १८२५ साली ते वारले, तोवर रेगेन्सबुर्गच्या हवेच्या नोंदी चालूच होत्या.