देवडीत बसलेले शिपाई

आजच्या भागात सैनिक आहेत, पण लढाई नाही.

अंधारी खोली. एका बाजूला ढोल, चिलखत, तलवारी टाकून दिलेल्या. दोघं पत्ते खेळतायत, एक जण पाइप ओढतोय, एक बसल्याबसल्या झोपलाय. हॉलंडमध्ये साधारण १६२० ते १६५० या काळात अशी चित्रं ढिगाने निघाली. विलेम डाउस्टर, पीटर कॉडे, याकोब डुक ही त्यातली मोठी नावं. या प्रकाराला तिकडे ‘कोर्टेगार्ड’ म्हणत. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ पहारेकऱ्यांची खोली.

म्हणजे आपली देवडी! किल्ल्याच्या दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांना बसायला केलेली जागा. आम्ही जुन्नरची पोरं शिवनेरीचे सात दरवाजे चढून जातो, त्यातल्या एकाचं नावच शिपाई दरवाजा आहे. पण तो शिपाई दिवसभर करायचा काय, हे कोणी विचारत नाही. आयटीवाल्यांना सांगतो, ही ऑन-कॉल ड्युटी समजा. बहुतेक वेळ काहीच घडत नाही, पण जागचं हलता येत नाही.

गंमत म्हणजे काळही तोच. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवजन्म झाला, तेव्हा डाउस्टर आम्स्टरडॅममध्ये हीच चित्रं रंगवत होता.

मग या चित्रांचा अर्थ काय लावायचा? एक मत असं की हा आळसावर मारलेला टोमणा आहे: बघा, देशाचे रक्षक झोपलेत. दुसरं मत असं की ही निव्वळ मजा, पैसेवाल्या शहरी लोकांच्या भिंतीवर टांगायला. मला दोन्ही अर्धी वाटतात, कारण जमिनीवर पडलेलं सामान दोघांच्याही हिशोबात नीट बसत नाही. काही चित्रांत भांडी, दागिने, कापडचोपड असं पसरलेलं असतं. सैनिकाच्या घरचं नव्हे ते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत डाउस्टरचं एक चित्र आहे, त्यात कोठारात सैनिक लुटीवरून एकमेकांत भांडतायत. कोर्टेगार्डच्या काही चित्रांत कोणीतरी गुडघे टेकून विनवण्याही करतं. स्पेनशी चाललेलं युद्ध १५६८ ला पेटलं आणि १६४८ ला संपलं. एवढ्या काळात रिकामा बसलेला हत्यारबंद माणूस काय करू शकतो, हे लोकांना चांगलं ठाऊक होतं.

आता आपल्याकडे या. हॉलंडचं सैन्य हिवाळ्यात तळ ठोकून बसायचं, मराठ्यांचं पावसाळ्यात. दसऱ्याला पुन्हा मोहीम. अशाच एका पावसाळ्याच्या तोंडावर, राज्याभिषेकाच्या आसपास, शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पत्र गेलं. ते आपल्याला माहीत असतं, पण एकदा ते चित्रासारखं वाचा. कोणी स्वयंपाक करेल, कोणी तंबाखू ओढायला विस्तव नेईल, वारा बघणार नाही, ठिणगी गवताच्या गंजीत पडेल. रात्री दिवा तसाच राहील, उंदीर जळती वात ओढून नेईल. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि तो म्हणेल यापेक्षा मोगल बरे.

सगळे तपशील तेच! विस्तव, तंबाखू, रात्र, बेफिकीर शिपाई. फरक एवढाच की डच चित्रकार खोलीच्या आत उभा राहून बघतो, आणि पत्र बाहेरच्या कुणब्याकडून. म्हणून माझ्या मते चित्रातला झोपलेला शिपाई हा विषयच नाही. ते सामान कोणाच्या घरातून आलं, तो विषय आहे, आणि ते घर बहुतेक वेळा चौकटीबाहेरच राहतं.

आपल्या देवड्यांची अशी चित्रं माझ्या पाहण्यात नाहीत. त्यामुळे आतल्या माणसांपर्यंत जायला मला तरी हेच पत्र जवळचं वाटतं, उंदरासकट.

डाउस्टरचं ते चित्र नॅशनल गॅलरीच्या साइटवर आहे. झूम करून बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.