पर्म: पितळी दांड्यांपासून दोन बाटल्यांपर्यंत

ओले केस रोलरला गुंडाळून वाळवले की छान कुरळे होतात, आणि दमट हवा लागली की पुन्हा सरळ. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध तेवढे सुटतात, वाळताना जुळतात. ते मुळातच कच्चे. पक्का बंध गंधकाचा. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन, आणि त्याच्या शेजारशेजारच्या साखळ्या गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, बांधलेल्या असतात. कुरळेपणा टिकवायचा तर हात तिथे घालायला हवा.

कार्ल नेसलरने तो घातला, पण आगीच्या वाटेने. जर्मनीतल्या टोडनाऊचा हा केशरचनाकार १८७२ साली जन्मला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये व्यवसाय करत होता. केसांना टाकणखारासारखं अल्कधर्मी द्रावण लावायचं, बटा पितळी दांड्यांवर गुंडाळायच्या आणि विजेने सुमारे १०० अंशांपर्यंत तापवायच्या, ही त्याची रीत. एकेक दांडी जवळजवळ ९०० ग्रॅमची. अशा डझनभर दांड्यांचा भार मानेवर येऊ नये म्हणून त्या प्रतिवजनं लावून वर झुंबराला टांगलेल्या, आणि खाली बाई पाच-सहा तास बसलेली. पहिले प्रयोग झाले ते त्याची पत्नी कॅथरिना लायब्ल हिच्यावर. पहिल्या दोन खेपांना तिचे केस जळून गेले, टाळूही भाजली. पर्मच्या इतिहासात नेसलरइतकाच तिचाही हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

आच टळली ती प्रयोगशाळेमुळे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस केराटिनचा अभ्यास करत होते. थायोग्लायकोलिक आम्ल अल्कधर्मी द्रावणात असेल तर गंधकाचे बंध न तापवताही सुटतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे काही वर्षांतच सलूनमध्ये ‘कोल्ड वेव्ह’ आली.

पार्लरमधली पहिली बाटली तीच: अमोनियम थायोग्लायकोलेट, पीएच ९च्या आसपास. अमोनियाने केस फुगतो, औषध आत शिरतं, बंध सुटतात आणि साखळ्या रोलरच्या आकाराने सरकतात. दुसरी बाटली न्यूट्रलायझरची. तिच्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, जे लुई थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ सालीच शोधलं होतं. ते सुटलेल्या गंधकांना नव्या जागी पुन्हा जोडतं. दोन्ही बाटल्या एकाच डोक्यावर, दहा-वीस मिनिटांच्या अंतराने येतात. घाईच्या वेळी दुसऱ्या बाटलीवरच काटकसर होते, हे फार वाईट. बंध अर्धवट जुळले की कुरळेपणा टिकत नाही आणि केस कमजोर होऊन तुटू लागतो.

पहिली बाटली जास्त वेळ राहू नये म्हणून घड्याळ पाहायचं कारण आणखी गंभीर आहे. केस काढायच्या अनेक क्रीममध्ये याच थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार असतात, फक्त पीएच १२च्या आसपास नेलेला. तिथे केस मऊ होऊन पुसूनच निघतो. रिबॉन्डिंगचं बरंचसं औषधही याच घराण्यातलं. त्यात साखळ्या सरळ ठेवून जोडतात, एवढाच फरक.