आवर्तनापासून गीतापर्यंत : विद्युत्-तालवाद्यांची रचना आणि मुळशीचा ताशा

विद्युत्-संगीताचा इतिहास लिहिताना अमुक यंत्र प्रथम कोणी वाजविले, या प्रश्नालाच बहुधा अग्रस्थान मिळते. हा प्रश्न निरर्थक नव्हे. परंतु त्याच्या आड दुसरा, अधिक मूलगामी प्रश्न झाकला जातो. तालयंत्र देते ते दोन-चार सेकंदांत पुरे होणारे आवर्तन. गीताला मात्र आरंभ, विस्तार, वळण आणि अखेर यांची आवश्यकता असते. तेव्हा आवर्तनाचे गीत कसे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहू. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुट्या घटकांचे वाद्य होय. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत असे घटक लोकांपुढे मांडले. त्यांत एक घटक स्वर निर्माण करतो, दुसरा त्याचा नाद गाळतो, तिसरा त्याची तीव्रता चढवितो वा उतरवितो. आणि वादक या घटकांना तारांनी जोडून एकाच्या विद्युत्-दाबाने दुसऱ्याचे नियंत्रण करतो. शुद्ध स्वराची पट्टी क्षणार्धात खाली घसरविली की ढोलाचा घुमारा ऐकू येतो. खरखरीचा अगदी आखूड तुकडा तोडला की झांजेचा भास होतो. हे आघात कोणत्या क्रमाने पडावेत हे सीक्वेन्सर ठरवितो. त्यात सामान्यतः आठ वा सोळा घरे असतात.

भारतात असे वाद्य आले ते अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग-यंत्राची ध्वनिशाळा उभारली आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या ध्वनिफिती दीर्घकाळ संग्रहातच राहिल्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या.

महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण १९८२ चे आहे. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात गिटार व ट्रान्झिकॉर्ड वाजविणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडून ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. त्यांपैकी टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे आणि ज्युपिटर-८ हे स्वरांचे. ही यंत्रे मॉड्युलर नव्हती, त्यांची जोडणी कारखान्यातच झालेली होती. पण घरे भरून आघात मांडण्याचे तत्त्व तेच. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर शिकागोत १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’शी तिची तुलना होऊ लागली, आणि पुन्हा ‘प्रथम कोण’ याच वादात चर्चा अडकली.

येथे एका आभासाविषयी सावध राहिले पाहिजे. यंत्राची सोळा घरे आणि त्रितालाच्या सोळा मात्रा यांचा मेळ सहज घातला जातो. भाषाशास्त्रात रूपाने एक पण व्युत्पत्तीने भिन्न असे शब्द असतात, तशातलाच हा प्रकार होय. त्रितालाची प्रत्येक मात्रा हा स्वतंत्र ठोका. त्यात सम आहे, नवव्या मात्रेवर खाली आहे. यंत्राच्या घरांत चार-चार घरांचा मिळून एक ठोका होतो आणि खालीची कल्पनाच नसते. मिनिटाला १२० ठोके धरले, तर सोळा घरांचे आवर्तन दोन सेकंदांत संपते; म्हणजे पाच मिनिटांच्या गीतात ते दीडशे वेळा फिरते. मॉड्युलर वाद्यात सोळा घरांच्या रांगेसमोर बारा घरांची रांग चालविली, तर दोन्हींचा आरंभ अठ्ठेचाळीस घरांनी पुन्हा एकत्र येतो. तरीही हे मोठे चक्र सहा सेकंदांचेच. केवळ गणिताने गीत होत नाही, ते यामुळे.

सिंग यांनी या अडचणीतून काढलेला मार्ग असा : ठेका स्थिर ठेवावा आणि विस्ताराचा भार रागावर टाकावा. भैरवी असो वा मालकंस, बदलतात ते स्वर. ताल पार्श्वभूमीला राहतो. मार्ग उचित खरा. पण तालवाद्यांनीच गीत उभारावयाचे असेल तर तो अपुरा पडतो.

याचे उत्तर मुळशीकडे पाहिले असता सापडते. पुण्याच्या विसर्जन-मिरवणुकीत शहरी पथके निघण्यापूर्वी मुळशी-मावळातील गावांचे ढोल येत असत. या वादनात राग नाही, शब्द नाहीत. तरी ते तासन्‌तास चालते आणि ऐकणारा खिळून राहतो. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. ढोल ठेका धरतात. ताशा त्यावर तर्री घेतो, लय चढवितो आणि एका ‘हाता’तून दुसऱ्या ‘हाता’त जाण्याची खूण करतो. मध्येच ढोल थांबतात आणि ताशा एकटाच उरतो. मग ढोल परततात तेव्हा जुनाच ठेका नवा वाटतो. वादनाच्या एका प्रकाराला ‘हात’ म्हणावे, हेही अर्थपूर्ण आहे. रचनेचे नाव येथे तिच्या कर्त्या अवयवावरून पडले आहे.

मॉड्युलर वाद्यावर पूर्ण गीत रचणाराही वस्तुतः हेच करतो. आठ-आठ आवर्तनांनी एक खूण पाठवून तो एखादा आघात काढून घेतो, नाद हळूहळू उघडतो, क्षणभर सर्व बंद ठेवून पुन्हा सुरू करतो. ताशाचे काम तेथे एक मंदगती दाब करतो. भेद इतकाच की, ताशेवाल्याची खूण समोरच्या ढोलवाल्यांचा दम पाहून दिली जाते, तर यंत्राची आधी ठरलेली असते. ती वादनाच्या ओघात ठरावयाची तर वादकाला आपला हात तारांवर ठेवावा लागतो.

२०१७ च्या डिसेंबरात ‘सनबर्न’ हा विद्युत्-नृत्यसंगीताचा महोत्सव मुळशी तालुक्यातच भरला. दोन्ही नाद तेव्हा एकाच तालुक्याच्या हवेत होते. परंतु अभ्यासकाच्या टिपणवहीत ते अद्याप शेजारी आलेले नाहीत. महोत्सवाचे ध्वनिमुद्रण यंत्रातच शिल्लक राहते; गावातील हात मात्र ऐकून व पाहूनच शिकले जातात. म्हणून गावोगावच्या हातांची नावे, त्यांचे बोल आणि एका हातातून दुसऱ्यात जाण्याच्या खुणा यांची नोंद प्रथम व्हावयास हवी. ती झाली तर विद्युत्-तालरचनेच्या विवेचनासाठी मराठीला परिभाषा उसनी घ्यावी लागणार नाही. आणि न झाली, तर जाणत्या ताशेवाल्यांबरोबर ती परिभाषाही जाईल.