‘ययाति’ची पहिली आवृत्ती : मोल कशाचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनस, महागाई किंवा कामगार कायदे यांवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका जुन्या पुस्तकाच्या किमतीविषयी बोलणार आहे. हा विषय माझ्या कामापासून वाटतो तितका दूरचा नाही. एखाद्या वस्तूची किंमत कशी ठरते, ती कोणाच्या श्रमाने वाढते आणि वाढलेली किंमत शेवटी कोणाच्या पदरात पडते, हाच तर आमचा नेहमीचा प्रश्न.

पुस्तक आपल्या गावचे आहे. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षे शिक्षकी केल्यावर १९३८ साली चित्रपटांच्या कथालेखनासाठी ते कोल्हापुरास आले आणि कोल्हापूरकरच झाले. १९३० साली ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी निघाली. पुढची कित्येक वर्षे ते सामाजिक कादंबरीकार म्हणून ओळखले जात होते. त्यांनी वयाच्या साठीत महाभारताच्या आदिपर्वातील एक उपाख्यान हाती घेतले आणि ‘ययाति’ लिहिली. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ती १९५९ साली प्रसिद्ध केली. तिला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७४चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. पुढे १९६७ साली याच कोल्हापुरात शिक्षकी करणाऱ्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. मराठीतील दोन सर्वांत लोकप्रिय पौराणिक कादंबऱ्या आठ वर्षांच्या अंतराने या एका गावातून महाराष्ट्रात गेल्या, ही गोष्ट आपण अंबाबाईच्या देवळाइतक्या अभिमानाने पाहुण्यांना सांगत नाही, एवढेच.

आज ‘ययाति’ कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळते. मग १९५९चीच प्रत हवी म्हणून काही मंडळी जुन्या बाजारांत, रद्दीच्या दुकानांत, वाडे मोडताना निघालेल्या पेट्यांत का शोध घेतात? छंदाला कारण विचारू नये म्हणतात. पण या छंदाला कारण आहे, आणि ते समजण्यासाठी त्या काळी पुस्तक कसे तयार होई ते पाहिले पाहिजे.

त्या वेळी मराठी पुस्तके बहुधा हाताने जुळवलेल्या शिशाच्या खिळ्यांवर छापली जात. जुळारी, म्हणजे कंपोझिटर, केससमोर उभा राहून एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा उचलून ओळ बांधी. रोमन लिपीला शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागते. देवनागरीला जोडाक्षरांमुळे त्याच्या कितीतरी पट घरे लागतात, आणि ती सर्व जुळाऱ्याला डोळे मिटून ठाऊक असावी लागत. मुद्रिते तपासली जात, दुरुस्त्या होत, सोळा पानांचा एक फर्मा छापून होई. चारशे पानांची कादंबरी म्हणजे असे पंचवीस फर्मे. शिसे महाग आणि खिळे मोजके. म्हणून एक फर्मा छापून झाला की खिळे सोडून पुन्हा ज्या त्या घरात टाकले जात आणि त्याच खिळ्यांवर पुढचा फर्मा उभा राही. जुळवलेली पाने वर्षानुवर्षे तशीच बांधून ठेवणे बहुतेक छापखान्यांना परवडत नसे.

याचा परिणाम काय झाला, ते लक्षात घ्या. दुसरी आवृत्ती काढायची म्हणजे सारे पुस्तक पहिल्यापासून पुन्हा जुळवायचे. त्यात लेखक काही बदले, जुळारी काही नव्या चुका करी, शुद्धलेखनाची पद्धतही बदलत असे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि जुन्या वळणाचे अनुच्चारित अनुस्वार हळूहळू छापील पानावरून गेले. १९५९चे पुस्तक त्या नियमांच्या आधीचे आहे. तेव्हा पहिली आवृत्ती ही निव्वळ ‘आधी निघालेली’ प्रत नसते. ती विशिष्ट माणसांनी विशिष्ट वर्षी हाताने केलेली, आणि पुढे मोडून टाकलेली, अशी एक मांडणी असते. तिची साक्ष केवळ त्या प्रतीतच उरते.

१८६७ सालच्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि ठिकाणे देणे बंधनकारक केले होते. म्हणून जुन्या पुस्तकांत छापखान्याचा मालक सापडतो, प्रकाशक सापडतो. जुळाऱ्याचे नाव घालण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केली नाही. लाखो अक्षरे ज्याच्या बोटांखालून गेली तो माणूस पुस्तकाच्या इतिहासात नाही. माझ्यासारख्याला पहिल्या आवृत्तीचे आकर्षण वाटते ते या कारणाने : तेवढ्या एका जागी त्याचे काम अजून पाहता येते.

आता ज्यांना अशी प्रत विकत घ्यायची आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली फसगत होते ती ‘पहिली आवृत्ती : १९५९’ या ओळीवरच. ही ओळ पुढच्या आवृत्त्यांतही छापतात, कारण ती पुस्तकाच्या जन्माची नोंद असते. तिच्याखाली पुनर्मुद्रणाचे किंवा दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीचे साल आहे का, आणि ते पान मुळातच जागेवर आहे की फाडलेले आहे, हे पाहावे. दुसरी खूण किमतीची. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि पैशाच्या मागचा ‘नवा’ १ जून १९६४ रोजी गेला. छापील किंमत त्या काळाशी जुळली पाहिजे. तिच्यावर नव्या किमतीची चिकटपट्टी असेल तर खालची किंमतही पाहावी. तिसरी खूण पत्त्याची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड छापलेला असेल, तर ती प्रत १९५९ची नव्हे, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. चौथी खूण मानसन्मानाची. वेष्टनावर अकादमीचा किंवा ज्ञानपीठाचा उल्लेख असेल तर निदान ते वेष्टन तरी नंतरचे. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. ‘ययाति’ निघाली तेव्हा पुणे आणि कोल्हापूर दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात होती. अशा साध्या तारखा पाठ असल्या तरी रुपये वाचतात.

एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. जिथे किंमत चढते तिथे लबाडी येते, म्हणून. इंग्लंडात टॉमस वाइज नावाचा मोठा ग्रंथसंग्राहक होऊन गेला. हा साधा कारकुनी करून वर आलेला माणूस. पहिल्या आवृत्त्यांवरचा त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. एलिझाबेथ ब्राउनिंग या कवयित्रीची प्रसिद्ध सुनीते १८५० साली संग्रहात आली. पण त्याआधी १८४७ साली रेडिंग येथे छापलेली त्यांची छोटी पुस्तिका सापडल्याचा बोलबाला झाला आणि संग्राहकांनी ती भारी किमतीला घेतली. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी तिचा कागद तपासला. त्यात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला, आणि तसा कागद इंग्लंडात १८७४पूर्वी वापरातच नव्हता. खिळ्यांच्या घडणीनेही तीच साक्ष दिली. अशा पुस्तिका एक-दोन नव्हत्या, पुष्कळ होत्या, आणि धागे वाइजपर्यंत पोहोचत होते. त्याच्या मृत्यूनंतर याहून वाईट गोष्ट उजेडात आली. आपल्या जवळच्या अपुऱ्या प्रती पुऱ्या करण्यासाठी त्याने ब्रिटिश म्युझियममधील जुन्या नाटकांच्या प्रतींतून पाने काढून घेतली होती. सार्वजनिक प्रत लुळी करून खाजगी प्रत धडधाकट करायची, असा तो व्यवहार.

मला खरे भय वाटते ते या दुसऱ्या प्रकाराचे. कारण त्याची सौम्य आवृत्ती आपल्याकडे कोणी चोरी न करताही घडते. १९५९ साली एखाद्या कादंबरीच्या हजार-दोन हजार प्रती निघणे ही चांगली गोष्ट मानली जाई, आणि त्यांतला मोठा वाटा वाचनालयांकडे जाई. वाचनालयाने घेतलेल्या पुस्तकाचे काय होते? वेष्टन जाते, जाड पुठ्ठ्याची नवी बांधणी होते, कडा कापल्या जातात, पानोपानी शिक्के बसतात, मागे तारीखपट्टी चिकटते. दोन-तीनशे घरे फिरून आलेली ती प्रत एक दिवस ‘जीर्ण’ म्हणून बाद होते आणि किलोच्या भावाने जाते. रद्दीवाल्याकडून ती पारखी माणसाच्या हाती पडते. तो तिचीही किंमत करतो, पण कमी. कारण शिक्के आहेत, डाग आहेत. पूर्ण किंमत मिळते ती कोऱ्या प्रतीला, म्हणजे जी वेष्टनासकट कपाटात राहिली आणि जिला फारसे कोणी वाचले नाही, तिला.

येथे त्या उपाख्यानाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला ययाती मुलांकडे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. उपभोग घ्यायचा, पण त्याची खूण आपल्या देहावर नको, ही ती वासना. पासष्ट वर्षांचे पुस्तक काल छापल्यासारखे दिसावे, असा हट्ट धरणाऱ्याने ‘ययाति’ विकत घेतली असली, तरी ती त्याने वाचली असेल की नाही याची मला शंका आहे.

संग्राहकांवर माझा राग नाही. अशा माणसांनी पदरमोड करून जपले नसते तर मराठीतील कितीतरी जुनी पुस्तके आज नावापुरतीही उरली नसती. त्यांचा निवडीचा हक्क मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की बाजाराचा हिशेब आणि गावाचा हिशेब वेगळा आहे. बाजारात जे न्यून, ते इतिहासात पुरावा असते. तारीखपट्टीवरचे शिक्के सांगतात की पुस्तक कोणत्या वर्षी किती वेळा घरी गेले, आणि पुरस्कारानंतर मागणी वाढली की नाही. समासातील पेन्सिलीची रेघ सांगते की वाचक कुठे थांबला. कोणाला वाढदिवसाला, लग्नात किंवा बक्षीस म्हणून दिलेल्या प्रतीवरचे दोन शब्द सांगतात की त्या काळी कादंबरी ही भेट देण्याजोगी वस्तू होती. प्रतीचे मोल लेखकाने निर्माण केले, जुळाऱ्याने केले, बांधणाऱ्याने केले, तसे या शेकडो वाचकांनीही केले. त्यांनी ती पुन्हा पुन्हा मागितली नसती, तर आज पहिल्या आवृत्तीला विचारले कोणी असते? वाढीव किमतीतला त्यांचा वाटा मात्र कोणत्याही पावतीवर येत नाही.

‘मजकूर तर सुरक्षित आहे, मग जुनी प्रत कशाला?’ असा प्रश्न येतो. १९५४च्या कायद्याने प्रकाशकांनी नव्या पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही सार्वजनिक ग्रंथालयांना देणे आवश्यक केले, हे खरे. पण कलकत्त्याच्या प्रतीवर कोल्हापूरच्या वाचकाच्या बोटांचे ठसे नाहीत. ते इथेच जपावे लागतील.

आणि हे काम आपल्याला नवे नाही. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा भारतातील पहिला कायदा १९४५ साली झाला तो कोल्हापूर संस्थानात. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ साली आला. शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालयही आहे. माझ्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसांना तर वाचनालयाची खिडकी हीच शाळा होती. इतका वारसा असलेल्या गावाने आपली ‘ययाति’ वजनावर घालवावी आणि उद्या तीच दुसऱ्या शहरातून पाकीटबंद विकत आणावी, हे शोभत नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली वाचनालयांच्या चालकांना : जीर्ण पुस्तके बाद करताना १९६०च्या आधीचा गठ्ठा वेगळा काढा, पहिली आवृत्ती निघाली तर तारीखपट्टीसकट तशीच ठेवा, नवी बांधणी करू नका. दुसरी घरमालकांना : आजोबांची पेटी रद्दीवाल्याला देण्याआधी आतली पुस्तके उघडून नाव-साल पाहा. तिसरी संग्राहक मित्रांना : हौसेने घ्या, रास्त दाम द्या, विकणाऱ्याला तो काय विकतो आहे ते सांगून घ्या, आणि आपल्या पश्चात ती प्रत कोणत्या सार्वजनिक कपाटात जावी हे आजच कागदावर लिहून ठेवा.

या गावात अजून कोणाच्या माळ्यावर १९५९ची ‘ययाति’ असेल, असा माझा अंदाज आहे. ती आढळली तर विकण्याआधी एकदा वाचून काढा. नंतर तिचे काय करावे, हे तुमचे तुम्हालाच सुचेल.