जकार्ताचा फक्त बसचा पूल

जकार्ताच्या दक्षिण भागातून पश्चिमेला जाणारा चिलेदुगचा रस्ता मुळातच चिंचोळा. दोन्ही बाजूंना दुकानं, वाटेत चिपुलिरचा कापडबाजार, मध्येच आडवी जाणारी लोकलची लाइन आणि रोज सकाळी तांगरांगकडून कामाला येणाऱ्या दुचाकींचा लोंढा. इथे बसला स्वतंत्र लेन द्यायची म्हटलं, तर दुकानांची अख्खी रांग पाडावी लागली असती. शहराच्या प्रशासनाने 2015 मध्ये दुसरी वाट धरली. चिलेदुग ते तेंदेआन, साधारण सव्वानऊ किलोमीटर, फक्त बससाठी पूल. मोटारी, रिक्षा, दुचाकी, कोणालाच वर प्रवेश नाही.

त्याआधीची अकरा वर्षं या निर्णयामागे होती. बोगोटाच्या धर्तीवर जकार्ताने जानेवारी 2004 मध्ये ब्लॉक एम ते कोता असा पहिला बसमार्ग सुरू केला. राज्यपाल सुतियोसो यांनी तो रेटून नेला. पुढे मार्ग वाढत गेले, पण बसच्या लेनमध्ये दुचाकी आणि मोटारी घुसायच्या, त्या काही थांबल्या नाहीत. 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी सुरू झाली तेव्हापासून पुणेकरांनाही हे दुखणं पाठ आहे. रस्त्यावर आखलेली रेघ पाळली जात नसेल, तर बसला वर उचलायची, असा जकार्ताचा हिशेब होता.

वाहता रस्ता न अडवता त्याच्या डोक्यावर बांधकाम करणं या शहराला नवीन नव्हतं. 1980च्या दशकात चावांग ते तांजुंग प्रियोक या उन्नत टोल रस्त्याचं काम चालू होतं. खांब रस्त्याच्या मधोमध उभे करता येत होते. अडचण होती ती खांबावरच्या पिअर कॅपची, म्हणजे गर्डर पेलणाऱ्या आडव्या काँक्रीटची. ती रस्त्याला आडवी ओतायची, तर खाली लोखंडी टेकूंचं जंगल उभं करावं लागणार आणि सगळी वाहतूक बंद पडणार. हुतामा कार्या कंपनीतले बालीचे अभियंता च्योकोर्दा राका सुकावाती या पेचात होते. उत्तर सापडलं ते गाडी दुरुस्त करताना. पुढची बाजू जॅकवर उचललेली, मागची चाकं तेल सांडलेल्या फरशीवर. जरा धक्का लागला आणि एवढी जड गाडी जॅकभोवती अलगद फिरली.

त्यावरून सुकावातींनी युक्ती काढली. कॅप रस्त्याला समांतर, म्हणजे दुभाजकाच्या रेषेतच ओतायची. खांब आणि कॅप यांच्यामध्ये एक बंद चकती ठेवायची, तिच्यात दाबाने तेल भरायचं. तेलाच्या दाबाने भार तोलला गेला की कॅप नव्वद अंशांत वळवायची आणि पक्की करून टाकायची. 27 जुलै 1988 रोजी रात्री दहा वाजता पहिली चाचणी झाली. दाब होता चौरस सेंटिमीटरला 78 किलो. 480 टनांचं काँक्रीट वळून जागेवर बसलं. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी या तंत्राला जावानी कथांमधल्या सहस्रबाहूचं, ‘सोस्रोबाहू’ असं नाव दिलं. पुढे मनिलाच्या उन्नत महामार्गासाठीही ते वापरलं गेलं.

चिलेदुगच्या कामाला लागलेल्या शहराच्या गाठीशी हा अनुभव होता. या पुलाचं काम एकाच ठेकेदाराला न देता आठ पॅकेजमध्ये वाटलं गेलं. त्यामुळे आठही टप्प्यांवर एकाच वेळी काम सुरू करता आलं, पण एकाचा पूल जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा नेमका त्याच उंचीवर सुरू व्हायला हवा, ही जबाबदारी डोक्यावर आली. खाली बाजार आणि वाहतूक चालूच. बॅरिकेडमुळे आधीच अरुंद असलेला रस्ता आणखी आवळला गेला आणि ते दिवस दुकानदारांनी आणि रोज ये-जा करणाऱ्यांनी सोसले. खर्च अडीच लाख कोटी रुपियांच्या घरात गेला आणि तो प्रांताच्या स्वतःच्या तिजोरीतून झाला.

खरी कसोटी कबायोरान बारूत लागली. मोहम्मद सुसिलो यांनी 1948 मध्ये आखलेली ही उपनगरी. ती उभारणाऱ्या डच पुनर्बांधणी संस्थेची ‘सीएसडब्ल्यू’ ही आद्याक्षरं तिथल्या एका चौकाला अजून चिकटून आहेत. त्याच चौकावरून 2013 पासून बांधकाम चालू असलेल्या मेट्रोचा उन्नत मार्ग जात होता. खाली रस्ता, मध्ये मेट्रो, म्हणून बसला तिसरा मजला मिळाला. तिथला बसथांबा जमिनीपासून 23 मीटरवर गेला. वर पोचायला 117 पायऱ्या होत्या आणि लिफ्ट नव्हती.

इथे या प्रकल्पाचं श्रेय आणि दोष एकाच जागी दिसतात. जमीन वाचली, दुकानं वाचली, शहर चालू राहिलं. पण वाचवलेल्या जमिनीची किंमत प्रवाशाच्या गुडघ्यांनी मोजली. म्हातारी माणसं, गरोदर बायका, व्हीलचेअरवरचे प्रवासी यांच्यासाठी तो थांबा असून नसल्यासारखा होता. पुलावर दोन्ही दिशांना एकेकच लेन, तेव्हा बंद पडलेल्या बसला ओलांडून जाण्याची सोयही फारशी नाही. गर्डर कसे चढवायचे याचा विचार करणाऱ्यांनी माणसं कशी चढतील याचा विचार त्याच आराखड्यात करायला हवा होता.

ऑगस्ट 2017 मध्ये पुलावर बस धावू लागली आणि मार्च 2019 मध्ये मेट्रोही सुरू झाली. दोन्ही मार्ग एकावर एक, पण एकातून उतरून दुसऱ्यात जाण्याची धड सोय नव्हती. ती डिसेंबर 2021 मध्ये झाली. चौकात गोलाकार इमारत उभी राहिली, तिच्यात लिफ्ट आणि सरकते जिने बसवले गेले आणि मेट्रोचं आसियान स्थानक बसथांब्याला जोडलं गेलं. आता चिलेदुगकडून आलेला प्रवासी रस्त्यावर न उतरता मेट्रो पकडतो.